घरून मेडिकल कोडिंग: सकाळी तासाला १६ चार्ट, दुपारी ८

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पण तपशील दिला नाही तर "टाइमटेबल करा, फोन लांब ठेवा" एवढंच ऐकायला मिळेल, म्हणून सगळं आधीच सांगते.

मी मेडिकल कोडर आहे. ईडीचे चार्ट करते (दिल्लीवाली ईडी नव्हे, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं इमर्जन्सी डिपार्टमेंट). तिकडच्या डॉक्टरने लिहिलेली नोंद (हाच चार्ट) वाचायची, निदानाला आयसीडी-१० चा कोड लावायचा, तपासणीला, टाक्यांना, प्लास्टरला सीपीटीचा कोड लावायचा, मग त्यावरून विमा कंपनीला बिल जातं. बी.फार्म. झाल्यावर पुण्यात ऑफिसात बसून हेच करत होते. लग्न होऊन कराडला आले, तेव्हा कंपनीने घरून करायला परवानगी दिली. टार्गेट तासाला १४ चार्ट, अचूकता ९५ टक्के. अचूकतेची मला कधीच भीती नव्हती, आजही ९७-९८ असते. प्रॉडक्शन मात्र दिवाळीपासून टार्गेटच्या ९० टक्क्यांखाली अडकलंय.

आता घर. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि बाजूला दार लावता येईल अशी एकच खोली. माझं टेबल त्या खोलीत. नवरा साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट. गाळप नसतं तेव्हा तो सकाळी जातो, संध्याकाळी येतो, काही प्रश्न नसतो. हंगाम लागला की पाळ्या फिरायला लागतात. रात्री बारा ते आठची पाळी असली की साडेआठला घरी येतो, अंघोळ करतो, दोन घास खातो आणि त्याच खोलीत दोन-अडीचपर्यंत झोपतो. त्याला झोप हवीच, रात्रभर लॅबमध्ये उभा असतो. त्या आठवड्यात मी टेबल उचलून माजघरात येते.

माजघर म्हणजे आमच्या घराचा हमरस्ता. सोप्यातून स्वयंपाकघरात जायचं तर माझ्या खुर्चीला वळसा घालूनच. त्यात कंपनीचे नियम: स्क्रीन दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये, टेबलावर कागद-पेन नको, मोबाइल खोलीबाहेर. पेशंटची माहिती असते, ती गुप्त ठेवण्याचा अमेरिकेतला हिपा कायदा कडक आहे, त्यामुळे नियमांबद्दल तक्रार नाही. गंमत अशी की मोबाइल बाहेर म्हणून तो स्वयंपाकघरात ओट्याजवळ असतो. वाजला की सासूबाई उचलतात, आणि कोण होतं, काय म्हणालं, परत कधी करणार आहे, हे सांगायला माझ्याकडे येतात. म्हणजे फोन जवळ असता तर जेवढं लक्ष गेलं असतं त्याच्या दुप्पट जातं.

मुलगी बालवाडीत आहे, साडेबाराला येते. तिला सासूबाई बघतात. त्यांच्यामुळेच माझी नोकरी टिकली आहे, त्यामुळे इथे कुणी सासू-सून मालिका सुरू करू नये. त्या कामं सांगत नाहीत. पण "दोन मिनिटं मोटार बंद कर गं, माझे हात पिठाचे आहेत" याला नाही कसं म्हणायचं?

टीएलचं (टीम लीडरचं) म्हणणं, ९० टक्क्यांखाली असणाऱ्यांना नवीन वर्षात आठवड्यातले तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात बसावं लागेल. तीन दिवस पुणे म्हणजे नोकरी सोडल्यातच जमा. काय करता येईल? प्रेरणादायी व्हिडिओ पाठवू नयेत, पाहून झालेत.


उत्साहमूर्ती:

पोमोडोरो करून बघा! २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात असताना स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून अभ्यास सुरू केला, तिथून ही पद्धत आली. मी रोज वापरतो, आयुष्य बदललं.


कोयनाकाठ:

सुचवल्याबद्दल आभार, पण हिशोब बघा. आठ तासांत अर्ध्या-अर्ध्या तासाचे १६ तुकडे, प्रत्येकी ५ मिनिटं सुट्टी, म्हणजे ८० मिनिटं. आम्हाला जेवणासकट ६० मिनिटं मिळतात आणि सिस्टीम मोजत बसलेली असते. शिवाय २५ व्या मिनिटाला टायमर वाजतो तेव्हा मी नेमकी चार्टच्या मध्यात असते. घरातली माणसं कमी पडतात म्हणून आता टायमरनेही हाक मारायची?


आगाऊ_कार्टं:

अभ्यासिकेत सीट घ्या की. कराडात स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी गल्लोगल्ली असतील. एसी, वायफाय, शांतता, महिन्याचे पैसे भरायचे आणि बसायचं. मी तिथूनच कोड लिहितो (तुमचे कोड नाही, पायथनचे).


कोयनाकाठ:

वर लिहिलंय ना, स्क्रीन कुणाला दिसता कामा नये. शेजारी राज्यसेवेचा मुलगा आणि माझ्या स्क्रीनवर टेक्सासमधल्या आजोबांच्या छातीत दुखण्याची कहाणी, हे चालणार नाही. तुमच्यासाठी उत्तम आहे, माझ्यासाठी बाद.


रातपाळी:

मी याच धंद्यातली. आधी कोडर, आता क्यूएमध्ये, म्हणजे तुझ्यासारख्यांच्या चुका काढायचं काम. एकेरीवर येते, चालेल ना?

पहिली गोष्ट, टीएलकडून तासावार रिपोर्ट माग. दिवसाचा नको, तासाचा. शीर्षकात तू १६ आणि ८ लिहिलंस ते अंदाजाने की बघून? बघून असेल तर तुझा वेग कमी झालेलाच नाही. वेग १६ चा आहे. दुपारी तो तुटतोय. हे दोन वेगळे आजार आहेत आणि टीएलला ते वेगवेगळे दाखवता आले पाहिजेत, कारण एकाला ट्रेनिंग लागतं आणि दुसऱ्याला दार.

तुटल्यावर इतकं नुकसान का होतं ते बाकीच्यांसाठी सांगते. ईडीच्या भेटीची लेव्हल, म्हणजे बिलाला ९९२८१ ते ९९२८५ पैकी कुठला सीपीटी कोड लावायचा, ही २०२३ पासून एमडीएमवर ठरते. म्हणजे डॉक्टरला किती डोकं लावावं लागलं. त्याचे तीन रकाने: आजार किती गंभीर, डेटा किती तपासला, धोका किती. तिन्हींपैकी दोन जुळले की लेव्हल. डेटाच्या रकान्यात रक्ताच्या तपासण्या मोजायच्या, एक्स-रे डॉक्टरने स्वतः वाचला का ते शोधायचं, जुन्या हॉस्पिटलचे कागद पाहिले का, नातेवाइकाकडून माहिती घेतली का. हे सगळं कोडर डोक्यात धरून ठेवते. मोटार बंद करायला उठलीस की दोन मिनिटं मोटारीची, पण परत आल्यावर मोजणी पहिल्यापासून. तासाला १४ म्हणजे एका चार्टला चार मिनिटांच्या जरा वर. एका हाकेत एक अख्खा चार्ट गेला. तासात पाच-सहा हाका आल्या की १६ चे ८ व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून "कमी उठ" असं मी सांगत नाही, घरात ते होत नसतं. कुठे उठायचं ते ठरव. हाक आली की "आले" म्हण आणि चार्ट सबमिट करूनच उठ. चार मिनिटं मोटार चालू राहिली तर टाकी वाहील, वाहू दे. अगदी मधेच उठावं लागलं तर कागद-पेन नाही हे मान्य, पण चार्टला कॉमेंट टाकायची सोय तुमच्याही सॉफ्टवेअरमध्ये असेल. तीन शब्द टाक: "डेटा झाला, प्रोसिजर बाकी". परत आल्यावर तिथून पुढे. मी क्रिटिकल केअरच्या चार्टला हे कायम करायचे. तिथे ९९२९१ हा कोड लावायला किमान ३० मिनिटं भरावी लागतात, आणि डॉक्टरने वेळ कुठल्या ओळीत लिहून ठेवलाय ते एकदा सापडलं की परत शोधायचं पाप कोण करणार.

सोपे चार्ट दुपारसाठी राखून ठेवायचा मोह होईल. करू नकोस. ते चेरी पिकिंग, ऑडिटमध्ये दिसतं, आणि त्यापेक्षा कमी प्रॉडक्शन बरं.

अजून एक. तू "दिवाळीपासून" म्हणालीस. १ ऑक्टोबरला आयसीडीचे नवे कोड लागू होतात. त्यानंतरचे काही आठवडे सगळ्यांचाच हात जड असतो. तुझ्या टीमची त्या काळातली सरासरीही माग. घसरण सगळी तुझ्या माजघराची आहे की थोडी ऑक्टोबरची, ते कळेल.


अंकगणित:

घरून काम चांगलं की वाईट या वादात एक अभ्यास नेहमी फेकला जातो, तो इथे उपयोगी पडेल असं वाटतं. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये केलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिने निम्म्या इच्छुकांना घरी बसवलं, निम्म्यांना ऑफिसात ठेवलं. घरच्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. मॅनेजर लोक हा आकडा सांगतात आणि थांबतात.

पुढचं वाचत नाहीत. त्या प्रयोगात भाग घ्यायलाच अट होती की घरी कामासाठी स्वतंत्र खोली हवी. म्हणजे ज्याला दार आहे त्याचं काम वाढलं. ज्याला दार नाही त्याच्याबद्दल हा अभ्यास काहीच सांगत नाही. आणि त्या १३ मधले सुमारे ९ टक्के हे जास्त मिनिटं काम केल्याचे होते: सुट्ट्या कमी, आजारपण कमी, मधली विश्रांती कमी. वेग वाढल्याचे फक्त ४. प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितलं, तर घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे आपणहून ऑफिसात परत गेले. एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण.

कोयनाकाठ यांच्याकडे एकटेपणा नाही, उलट झालंय. त्यांच्या टीएलने "घरून जमत नाही" असा निष्कर्ष काढला तर तो चुकीच्या गोष्टीला दोष देतोय. गाळप हंगाम नसताना याच घरातून टार्गेट पूर्ण होत होतं ना? मग मार्च-एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतचे आकडे त्याच्यापुढे ठेवा.


फेज_न्यूट्रल:

विषय थोडा वेगळा, पण दुपारचा आकडा पडायला वीजही कारण असते, ते कुणी विचारलं नाही. लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर एकदा बंद होऊन चालू होतो का? होत असेल तर व्हीपीएन (कंपनीच्या सिस्टीमशी असलेली जोडणी) तुटतो, पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, आणि ओटीपीचा फोन स्वयंपाकघरात.

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटं बटण असतं, यूपीएस आणि इको. इकोवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो आणि राउटर मरतो. यूपीएसवर ठेवा. तरी झालं तर राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, अडॅप्टर आणि राउटरच्या मध्ये जोडायचा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या, फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लागेल.

बॅटरी १५० एएचची असेल तर कागदावर १५० गुणिले १२, १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात त्याच्या दोन-तृतीयांश धरा. लॅपटॉप ६५ वॅट, जुना पंखा ७५, राउटर आणि दिवा मिळून २०-२५. सात तास निघतात. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा लावला तर पंख्याचे ३० होतात. पण त्याच लाइनवर कुणी मिक्सर लावला तर मी काही बोलत नाही.


पूर्वभाग_सोलापूर:

मी आयटीत नाही, शाळेत शिक्षक आहे. पण घरून काम काय असतं ते लहानपणापासून बघितलंय. माझी अम्मा विड्या वळायची. सोलापुरात पूर्व भागात गेलात तर आजही घराघरात दिसेल. कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायची, घरी वळायच्या, नेऊन जमा करायच्या. मजुरी हजारावर. खराब निघालेल्या विड्या बाजूला काढून तेवढे पैसे कापायचे. म्हणजे प्रॉडक्शन आलं, क्यूए आलं, टार्गेटही आलं. फक्त टीएलच्या जागी कारखान्याचा मुनीम.

आमचं घर एका खोलीचं. कोयनाकाठ ताई, तुमच्या माजघरापेक्षा लहान असेल. तरी अम्माचं काम तुटायचं नाही, त्याची कारणं मला आत्ता हा धागा वाचताना सुचली.

एक म्हणजे मांडीवर सूप. सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. सूप मांडीवर आहे तोवर तिला उठवायचं नाही, हे आम्हा पोरांना कुणी शिकवलं नव्हतं, दिसतच होतं. उठली की सगळं खाली सांडणार. तुमच्या लॅपटॉपचं तसं नाही. तुम्ही कठीण चार्टमध्ये आहात की नुसत्या लॉगिन करून बसलाय, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. सासूबाईंना कळणार कसं?

दुसरं, हिशोब घरात सगळ्यांना पाठ होता. हजाराला किती, आज आठशेच झाल्या तर किती कमी. अम्माने पाणी भरायला उठायचं की मी, हे त्या हिशोबावर ठरायचं. मीच उठायचो. तुमच्या घरात एका चार्टचे किती पैसे हे कुणाला माहीत आहे का?

तिसरं, कामाचे भाग वेगळे होते. पानं रात्री भिजवून ठेवायची. सकाळी पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायची, ते गप्पा मारत, आमचा अभ्यास घेत व्हायचं. वळायला बसली की हात पळायचे. रातपाळी ताई म्हणतात की सोपे-अवघड चार्ट वेगळे करता येत नाहीत, मग हे तुम्हाला कितपत लागू होईल ते तुम्हीच बघा. ट्रेनिंगचे व्हिडिओ, मेल, असलं काही दुपारी ढकलता येत असेल तर.

अम्माची पाठ आणि बोटं या कामात गेली हेही सांगून ठेवतो. तेव्हाचं सगळं छान होतं असं म्हणत नाहीये.


रातपाळी:

सोलापूरकर सर, वार्षिक ट्रेनिंग मॉड्यूल, क्यूएच्या चुकांना उत्तर देणं, कोडिंग अपडेट वाचणं, हे सगळं दुपारी ढकलता येतं. मी स्वतः हे कधी सांगितलं नसतं कारण आमच्याकडे सगळे ते सकाळी ताज्या डोक्याने करतात आणि चार्टला उशिरा बसतात. चूक आहे ते.

कोयनाकाठ, मला एक सांग. नवरा रात्री बारा ते आठ कारखान्यात. म्हणजे पहाटे ती खोली रिकामी. तुझी शिफ्ट नऊलाच का सुरू होते? आपण कॉलिंगवाले नाही, चार्ट रांगेत पडलेले असतात. पाच ते साडेआठ त्या खोलीत दार लावून बसलीस तर साडेतीन तास तुझे.


कोयनाकाठ:

उत्तर द्यायला उशीर झाला, शनिवार-रविवार मध्ये आला.

तासावार रिपोर्ट मिळाला. नऊ ते बारा १५-१६, एक ते चार ८-९, चारनंतर पुन्हा १३. आणि नवरा दिवसपाळीला असतो त्या आठवड्यात दुपारीही १३-१४. अंकगणित म्हणतात तसे उन्हाळ्याचे आकडेही काढले, तेव्हा ९८ ते १०४ टक्के होते. टीमची सरासरी ऑक्टोबरमध्ये ९१ पर्यंत आली होती, नोव्हेंबरात ९७. म्हणजे ऑक्टोबरमधली माझी घसरण थोडी सगळ्यांबरोबरची, पुढची माझी एकटीची.

सूप मांडीवर हे मला फार पटलं. सासूबाईंना चार्टला किती इन्सेंटिव्ह मिळतो ते पहिल्यांदाच सांगितलं. टार्गेटच्या वर गेल्यावर मिळतो आणि दिवाळीपासून एक रुपया मिळालेला नाही, हेही. त्या हिशोबाला पक्क्या आहेत, भाजी मंडईत पन्नास पैशांसाठी अडून बसतात. त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे मी फोन आणून देते तेव्हा किती जातात?" मी म्हटलं, एक चार्ट. आता मोबाइल सायलेंटवर, आणि कुणाचा आला होता ते सगळं जेवताना एकदम सांगतात. मोटारीला टाकी भरली की आपोआप बंद होणारा स्विच बसवायला सांगितलाय, खरं म्हणजे तो आधीच बसायला हवा होता.

खुर्चीच्या पाठीवर लाल ओढणी टाकली की चार्ट चालू, काढली की बोला, असं मुलीला शिकवलंय. ती पाळते. नवराच विसरतो.

फेज_न्यूट्रल, बटण इकोवरच होतं.

पहाटेचं करून बघितलं, तीनदा उठले आणि एकदा नाही. कराडात डिसेंबरच्या पहाटे बोटं चालत नाहीत, पण एकदा हात मोकळे झाले की १८ पर्यंत गेले. अडचण टीएलची. तो तोंडी "कर काही हरकत नाही" म्हणाला, पण साडेनऊचा कॉल चुकवायचा नाही आणि सिस्टीममध्ये माझी शिफ्ट नऊ ते सहाच राहणार. मग पहाटेचे चार्ट कुठे मोजणार?


रातपाळी:

तोंडी अजिबात घेऊ नकोस. सिस्टीममध्ये शिफ्ट बदलली नाही तर पहाटेचं काम नऊच्या आधीचं म्हणून वेगळं पडेल, आणि दुपारी तू लॉगऑफ असशील ते आयडल, म्हणजे रिकामी बसल्याचं, दिसेल. म्हणजे जास्त काम करून रिपोर्ट वाईट. मेल कर: फक्त नवऱ्याच्या रात्रपाळीच्या आठवड्यांत, फक्त हंगाम संपेपर्यंत, ५ ते ८.३० आणि साडेनऊच्या कॉलपासून दुपारी २ पर्यंत. पुढचं तू बसव. सोबत ते दोन तक्ते जोड, उन्हाळ्याचा आणि तासावार. मोघम "फ्लेक्सिबल" मागितलंस तर नाही म्हणतील, तारखा देऊन मागितलंस तर नाही म्हणायला कारण शोधावं लागतं.

आणि सुरुवात याच आठवड्यात कर, नवीन वर्षाची वाट बघू नकोस. १ जानेवारीला सीपीटीचे नवे कोड लागू होतात. तेव्हा सगळ्यांचं प्रॉडक्शन पडणार, आणि तुझं पडलं तर ते पहाटेच्या शिफ्टवर फोडतील.


कोयनाकाठ:

मेल टाकला. तारखांसाठी नवऱ्याकडून फेब्रुवारीपर्यंतच्या पाळ्यांचा कागद मागितला. तो म्हणाला, ऊस किती येतो त्यावर अवलंबून, पण जानेवारीपर्यंतचं पक्कं सांगतो. तेवढं जोडलंय.